बांगडा गेला, हुमण राहू दे

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

ताई, मी सत्तावीस वर्षांचा. मूळचा गोव्यातल्या डिचोलीचा, नोकरीमुळे पर्वरीत खोली घेऊन एकटा राहतो. जानेवारीपासून मांस-मासे, अंडी, दूध-तूप सगळं सोडलं. कारणं आईला सांगून सांगून दमलोय, तुम्ही तरी विचारू नका. अडचण अशी की मला कुकरला वरण-भात लावण्यापलीकडे काही येत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ओटचं दूध, व्हीगन चीज, सोयाचे नकली कबाब असलं आणून पगाराला खड्डा पाडला, आणि तरी रात्री नूडल्सच खातो. बांगड्याची आठवण येते, ते कबूल करायची लाज वाटते. आई रोज फोनवर विचारते, ‘मगे जेवतोस तरी काय?’ माझ्याकडे उत्तर नसतं. चतुर्थीला घरी जायचंय. सोपं, रोजचं, पोट भरेल असं काही शिकवाल का? आणि चहाचं काय करू?
– पर्वरीचा एकांडा

उत्तर

अरे एकांड्या,

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे कापून छापलंय. त्यात दुधाच्या वाट्याला एक ओळ आलीय आणि बांगड्याच्या वाट्याला जवळपास अख्खं पान. तेव्हा दुखणं कुठे आहे ते मला लगेच कळलं. लाज कसली वाटून घेतोस? पंचवीस-सव्वीस वर्षं जे जिभेवर होतं ते पाच महिन्यांत पुसलं जात नाही.

तू बघतोस ते व्हीगन पाककृतींचे व्हिडिओ दुसऱ्यांच्या ताटासाठी केलेले असतात. त्यांच्या ताटातून पनीर, लोणी, चीज, मलई जाते, म्हणून ते दुधाला पर्याय शोधत बसतात. आपल्या शीत-कडीच्या (भात-कडीच्या) ताटात दुधाचं असतं किती? वाटीभर ताक, नाहीतर वरणावर चमचाभर तूप. आपल्याकडे रिकामी होते ती मासळीची जागा. ती तू चीजने भरायला गेलास, म्हणून पैसेही गेले आणि पोटही भरलं नाही. ते चीज संपलं की पुन्हा आणू नकोस. माझ्या मते नकली कबाबही नकोत. ते खाताना माणूस सारखं खऱ्याशी ताडून बघतो आणि रोज थोडा थोडा हरतो.

आता हुमणाकडे, म्हणजे आपल्या नारळाच्या वाटपाच्या माशाच्या कडीकडे ये. त्यातून बांगडा काढला तर काय उरतं? नारळ, सुकी मिरची, धणे, हळद, चिंच नाहीतर सोलं (आमसुलं), आणि तिरफळं. यातलं एकही जनावराचं नाही. तुला आठवते ती चव निम्म्याहून जास्त या वाटपाची आहे. म्हणून पहिला पदार्थ हुमणच शीक.

एका माणसाला दोन वेळा पुरेल असं: सहा-सात बेडगी मिरच्या आणि मोठा चमचा धणे पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजत घाल. मिक्सरच्या लहान भांड्यात आधी हे दोन्ही फिरव, मग वाटीभर खवलेला नारळ, पाव चमचा हळद, अर्धा लहान कांदा आणि गोटीएवढी चिंच घालून पुन्हा वाट. सगळं एकदम कोंबलंस तर नारळ बारीक होतो आणि धणे तसेच कचकचत राहतात. पाणी थोडं थोडं घाल. वाटप बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून बघ. रव्यासारखं लागलं तर अजून फिरव. नवशिक्याचं हुमण बिघडतं ते इथेच. वाटप जाडं राहिलं की कडी उकळल्यावर पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. गंधासारखं झालं पाहिजे.

भांड्यात वाटप घे, दीड-दोन वाट्या पाणी, मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची. मध्यम आचेवर एक उकळी आली की सहा-सात तिरफळं घाल. ती कशी घालायची ते पुढे सांगते, तेवढं नीट वाच. मग आत घालायचं ते घाल. भेंडे असतील तर बोटभर तुकडे करून आधी तेलावर चिकटपणा जाईपर्यंत परत, आणि कडीत तीन सोलं जास्त टाक. सोलं घातलेली भेंड्यांची कडी आपल्याकडे पूर्वीपासून आहे, मी काही नवा शोध लावत नाहीये. बाजारातली साधी पांढरी अळमी (मशरूम) अख्खीच टाक, पाच मिनिटांत शिजतात, आणि त्यांना स्वतःची अशी एक खमंग चव असते जी मासळी गेल्यावर कामाला येते. नीरफणसाच्या फोडी आधी अर्ध्याकच्च्या उकडून घे. गॅस बंद केल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल वरून सोड आणि पाच मिनिटं झाकून ठेव. झाकण काढशील तेव्हा तुझ्या खोलीत डिचोलीचा वास येईल.

रानातली अळमी पावसात रस्त्याकडेला पानावर मांडून विकायला बसतात. ओळखीच्या माणसाकडूनच घे. स्वतः डोंगरावर जाऊन उपटून आणण्याचा पराक्रम करू नकोस, विषारीही असतात.

तिरफळांचं आता. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला खतखतं (डाळ-भाज्यांची नारळाची कडी) करायचं काम माझ्याकडे आलं. माहेरी तिरफळं घालताना मी लांबून पाहिलेलं, हातात कधी घेतली नव्हती. मी मूठभर घेतली आणि बियांसकट वाटपात वाटून टाकली. पंगत बसली. पहिल्या घासानंतर कुणी काही बोलेना. बोलणार कसे, जिभा बधिर झाल्या होत्या! सासरे शांतपणे पाण्याचा दुसरा पेला प्यायले आणि म्हणाले, ‘सुने, दात काढून घ्यायचा असता तर आजच घेतला असता.’ तेव्हा तू तसं करू नकोस. काळी बी काढून टाक, फक्त साल घे, चमचाभर पाण्यात टाकून पेल्याच्या बुडाने हलकेच चेच आणि पाण्यासकट कडीत ओत. वाटायची नाहीत. खायचीही नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची.

कडी जमली की तळलेल्याची हौस उरते. त्याला आपल्याकडे कापं आहेत. नीरफणस, सुरण, कच्चं केळं, मोठं वांगं, यातलं काहीही अर्ध्या बोटाच्या जाडीने काप. तिखट, हळद, मीठ आणि सोलांचं दाट आगळ एकत्र कालवून दोन्ही बाजूंना चोळ, पंधरा मिनिटं मुरू दे, रव्यात घोळव आणि तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर भाज. मासे तळायची तीच रीत. आच मोठी केलीस तर रवा करपतो आणि नीरफणस आत दडदडीत राहतो. सुरण चिरताना हाताला तेल लाव, आणि आगळ घालायला आळस करू नकोस, आंबटाशिवाय तो घशाला खाजतो. रिशादचा मसाला बाटलीतून मिळतो; मिरची, लसूण, जिरं-मिरं आणि व्हिनेगर, दुधाचं किंवा मासळीचं त्यात सहसा काही नसतं, तरी लेबल वाच. आगशी गावचं वांगं चिरा देऊन त्यात तो भरलास आणि तव्यावर झाकण ठेवून भाजलंस, तर सोबतीला नुसता भातही पुरे.

इथवर जिभेचं झालं. आता पोटाचं, कारण इथे बरेच नवे व्हीगन फसतात. बांगड्याबरोबर चवच नव्हे, प्रथिनंही जात होती पोटात. बांगडा काढलेली कडी म्हणजे नारळ आणि मिरची. नारळाचा रस दुधासारखा दिसतो म्हणून तो दुधाचं काम करत नाही. त्यात स्निग्धांश भरपूर, प्रथिनं अगदी कमी. म्हणून कडी-कापं असली तरी दोन्ही वेळच्या जेवणात कडधान्याची वाटी हवीच. नूडल्स खाऊन तुला रात्री अकराला पुन्हा भूक लागते असं लिहिलंयस, ती यासाठीच.

कडधान्यात तोणाक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची उसळ) शिकलास की निम्मा गड सर झाला. अळसांदे (मोठी चवळी) वाटीभर रात्री भिजत घाल, सकाळी मीठ घालून तीन-चार शिट्ट्या. कढल्यात (लहान कढईत) चमचाभर खोबरेल, त्यात चमचाभर धणे, चार मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चार-पाच सुक्या मिरच्या परतून बाजूला काढ. त्याच कढल्यात उभा चिरलेला कांदा तांबूस कर आणि शेवटी अर्धी वाटी खोबरं. हे खोबरं भाजणं म्हणजे तोणाकाचा प्राण. आच बारीक, हात सारखा चालता. गुलाबी झालं की नवशिका घाईने गॅस बंद करतो. थांब. विटेसारखा रंग यायला हवा, आणि घरभर वास सुटला पाहिजे. काळं मात्र होऊ देऊ नकोस, एकदा कडू झालं की गूळ घालूनही सावरत नाही. थंड झाल्यावर जराशा चिंचेबरोबर सगळं वाट, शिजलेल्या अळसांद्यांत घाल, सुपारीएवढा गूळ टाक, सात-आठ मिनिटं उकळू दे. हेच वाटप चणे, वाटाणे, मसूर, अळमी, कशालाही चालतं. म्हणून रविवारी तिप्पट करून ठेव. लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकलंस की आठवड्यात ऑफिसमधून आल्यावर कडधान्य कुकरला आणि डबा कढल्यात, एवढंच काम.

संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू आला की दोन पोई घे. पोई-उंडे हे आपले पाव पीठ, पाणी, मीठ आणि यीस्टचेच असतात, पण काही बेकऱ्या वरून दुधाचा हात फिरवतात, म्हणून एकदा तुझ्या पोदेराला विचार. पोई आणि तोणाक, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. मी मासे खाणारी बाई आहे, तरी आठवड्यातून दोनदा माझं रात्रीचं जेवण हेच असतं.

तुझी वेळही बरी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मागोमाग श्रावण; या दिवसांत सगळ्या गोव्याचंच ताट भाजीकडे झुकतं. बाजारात तायखिळा (टाकळा) येईल, फागलां (करटोली) येतील, सात शिरांचे भेंडे येतील. तायखिळ्याची कोवळी पानं, फणसाची बिकणां (आठळ्या), कांदा, हिरवी मिरची, मूठभर खोबरं, यापलीकडे त्या भाजीला काही लागत नाही. सोलं, तिरफळं, अळसांदे, मिरच्या आणि माडाचा गूळ हे पाचही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकदाच आण. आपल्या आज्या करायच्या ते पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, फक्त तुझ्या पुरुमेंतात सुकं गालमो (सुकी बारीक कोळंबी) नाही.

सकाळी तिजान (नाचणीची पेज) कर. दोन चमचे नाचणीचं पीठ गार पाण्यात कालव (गरम पाण्यात घातलंस तर गुठळ्यांशी कुस्ती करत बसशील), गूळ आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ढवळ, चकाकी आली की नारळाचा रस घालून लगेच उतरव. रस घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, तो फुटतो. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच दुधात साधारण एकशेवीस. दोन चमचे म्हणजे शंभर ग्रॅम नव्हे हे खरं, म्हणून तीळही खात जा. भातावर तिळाची चटणी ठेव. ताकाची आठवण आली तर सोलकढी कर. ती तापवायची नसतेच, त्यामुळे बिघडायची धास्ती नाही.

एक गोष्ट मात्र स्वयंपाकघरात मिळणार नाही: बी-१२. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. वनस्पतींत भरवशाचं नसतं. आंबवलेल्या इडली-सान्नांवर विसंबू नकोस, कुणी काहीही सांगो. यकृतात साठा असतो, म्हणून काही महिने, कधी काही वर्षंही, काही जाणवत नाही आणि माणूस म्हणतो, मला कुठे काय झालंय. मग थकवा, हातापायांना मुंग्या. प्रौढ माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं अशी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची शिफारस आहे. गोळीवरचा आकडा याहून पुष्कळ मोठा दिसेल, दचकू नकोस. शरीर एका वेळी त्यातलं थोडंच घेतं. डॉक्टरांना मासे-दूध सोडल्याचं सांग, रक्त तपासून घे आणि ते देतील ती गोळी चुकवू नकोस. या एका बाबतीत मी तुझ्याशी वाद घालणार नाही, फक्त कान पकडणार. आणि मीठ आयोडीनचं वापर. मासळी खात होतास तोवर आयोडीन तिच्यातून मिळत होतं. मिठागरातलं जाडं मीठ मला फार आवडतं, पण आता तुझ्यासाठी ते लोणच्यापुरतं.

बाहेर खाताना ‘व्हीगन’ म्हणू नकोस, कुणाला कळत नाही. हा शब्दच १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी बनवला. ‘शिवराक’ (शाकाहारी) म्हणालास तर आणखी घोटाळा. शिवराकात मासळी नाही एवढंच, दही-तूप त्यात खुशाल बसतं. सरळ सांग: दूध, दही, तूप, लोणी नको, फोडणी तेलाची. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तुझ्या कामाचा नाही, दुधाच्या पदार्थांवरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळी हिरवी खूण आहे, इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ती नसेल तर मागची बारीक अक्षरं वाच. बिस्किटांत दुधाची भुकटी हमखास निघते.

आता आई. ती रोज विचारते ते तुझं तत्त्व तिला पटत नाही म्हणून नव्हे. तुझ्यापुढे ताट वाढायचं तर त्यात काय घालायचं हेच तिला कळेनासं झालंय. पंचवीस वर्षं तुझ्या तोंडात घास घातलेल्या बाईच्या हातचं काम तू एका सकाळी काढून घेतलंस. तिला पुन्हा कारणं सांगत बसू नकोस. रविवारी वाटप करताना तिला फोन लाव आणि विचार, ‘आई, खोबरं कितपत भाजू?’ व्हिडिओ कॉल असेल तर कढलं दाखव. ती ओरडेल, आच बारीक कर म्हणेल, मिरच्या किती जास्त घातल्यास म्हणेल. ओरडू दे. दुसऱ्या दिवशी फोन आला की ती ‘जेवतोस काय’ असं विचारणार नाही, ‘तोणाक कसं झालेलं’ असं विचारेल.

चतुर्थीचं तर तुला काही करावंच लागणार नाही. खतखतं आहे: सुरण, मुळा, दोडगं, कणसं, तुरीची डाळ, नारळ, सोलं, तिरफळं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आहेत. नारळाच्या रसातलं गोड मणगणं आहे. मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ) आहेत. आईला आधीच एवढंच सांग, की पातोळीवर तूप सोडते आणि मणगण्यातले काजू तुपात परतते ते तुझ्या वाटचं वेगळं काढ. ‘सगळं माझ्यासाठी बदल’ आणि ‘माझी वाटी आधी काढ’ यात घरातल्या बाईच्या दृष्टीने फार अंतर आहे. पंचामृत हातावर घ्यायची वेळ आली तर काय करायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर भटजींसमोर व्याख्यान दिलं नसतं.

चहाबद्दल खरं सांगू? म्हशीच्या दुधाच्या चहासारखा चहा होत नाही. मी तुझ्यासाठी मुद्दाम करून पाहिला. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं, तर ते डोळ्यांदेखत फाटलं आणि पातेल्यात पनीरसारखे गोळे तरंगायला लागले. दुसऱ्यांदा चहा गाळून बाजूला ठेवला, दूध वेगळं कोमट केलं आणि चहा त्यात हळूहळू ओतला, तेव्हा जमलं. आलं दोन्ही वेळा घातलं होतं, तेही कमी करून बघ. पण मला विचारशील तर कोरा चहा, गवती चहाची दोन पानं, गुळाचा खडा. पहिले आठ दिवस तोंड वाकडं होईल.